गाव शहरात आले. विहीर कुणाच्या हवाली?

जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता टापूतले रुग्ण एकामागून एक अतिदक्षता विभागांत दाखल होऊ लागले. आधी पायांना मुंग्या, मग जिना चढता न येणे, मग हातही उचलेनासे होणे आणि काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर. गुइलेन बॅरे सिंड्रोम हे अवघड नाव तेव्हा ‘जीबीएस’ म्हणून घरोघरी पोचले. एरवी लाख लोकसंख्येमागे वर्षाला एक-दोन जणांना होणारा हा आजार. इथे काही आठवड्यांत संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. मृत्यूही झाले. रुग्णांचा मोठा गट नांदेड, किरकटवाडी, धायरी या एकमेकांना लागून असलेल्या गावांतला होता. (हे नांदेड मराठवाड्यातले नव्हे. खडकवासला धरणाच्या पायथ्याशी असलेले, आता महापालिकेत गेलेले पुण्याचे नांदेड.)

रुग्णांच्या शौचनमुन्यांत काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि काहींत नोरोव्हायरस सापडला. दोन्ही पोटाचे आजार करणारे, दोन्ही दूषित पाण्या-अन्नातून येणारे. कॅम्पिलोबॅक्टरच्या बाह्यावरणाची रासायनिक ठेवण माणसाच्या मज्जातंतूंवरच्या काही रेणूंशी मिळतीजुळती असते. जुलाब थांबतात, आठ-दहा दिवस जातात, आणि जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे स्वतःच्याच नसांवर उलटतात. असा जंतुसंसर्ग झालेल्या साधारण हजारात एकालाच जीबीएस होतो. हाच हिशेब उलटा मांडला तर चित्र अधिक गंभीर दिसते. एखाद्या वस्तीत जीबीएसचे काही रुग्ण एकदम दिसतात तेव्हा त्यांच्यामागे जुलाब-उलट्या होऊन घरीच बरे झालेले, कुठल्याही नोंदीत न आलेले शेकडो, कदाचित हजारो लोक असू शकतात. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण म्हणजे त्या वस्तीच्या पाण्याचा सर्वांत उशिरा आलेला आणि सर्वांत महागडा तपासणी अहवाल असतो. उपचारासाठी इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते ते वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम. खासगी रुग्णालयात हा खर्च लाखांच्या घरात जातो.

तपास ज्या विहिरीपाशी येऊन थांबला ती नांदेड गावची विहीर. धरणाचे कच्चे पाणी या विहिरीत येते आणि तिथून जंतुनाशक मिसळून आसपासच्या वस्तीला दिले जाते. गाळणे, निवळणे, वाळूच्या थरातून काढणे, ही पुण्याच्या जुन्या पेठांना मिळणाऱ्या पाण्यावर होणारी सगळी प्रक्रिया इथे नव्हती. कोंबड्यांच्या खुराड्यांकडेही संशयाने पाहिले गेले, आणि ते योग्यच होते, कारण कॅम्पिलोबॅक्टर मुळात पक्ष्यांच्या आतड्यात राहणारा जिवाणू आहे. परिसरातल्या काही खासगी आरओ केंद्रांना टाळे लागले, टँकरचे पाणी तपासले गेले. नेमका दोष किती टक्के कुणाचा, यावर वाद घालता येईल. पण एका प्रश्नाला बगल देता येत नाही. जून २०२१च्या अखेरीस ज्या २३ गावांचा पुणे महापालिकेत समावेश झाला त्यांत नांदेड होते. मग साडेतीन वर्षांनीही त्या गावाला ग्रामपंचायतीच्या काळातल्या पद्धतीनेच पाणी का मिळत होते, आणि त्या पद्धतीवर ग्रामपंचायतीच्या काळात असलेली देखरेख मात्र कुठे गेली होती?

इथे ग्रामीण महाराष्ट्रातली एक साधी, कुणी फारशी वाखाणत नाही अशी व्यवस्था समजून घ्यायला हवी. खेड्यात पिण्याच्या पाण्याच्या स्रोताला मालक असतो, तो म्हणजे ग्रामपंचायत. तिने नेमलेला जलसुरक्षक असतो. टाकीत किंवा विहिरीत ब्लिचिंग पावडर, जिला गावात सगळे ‘टीसीएल’ म्हणतात, ती टाकणे हे त्याचे काम. आरोग्य उपकेंद्राचा कर्मचारी नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते पाहतो. रंग आला नाही तर पाण्यात शिल्लक क्लोरिन नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, प्रत्येक स्रोताची स्वच्छता पाहणी होते. विहिरीला कठडा आहे का, जवळ उकिरडा किंवा शोषखड्डा आहे का, जलवाहिनीला गळती आहे का, पावडरीचा साठा आहे का. त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्ड मिळालेल्या सरपंचाला तालुक्याच्या बैठकीत उभे राहून उत्तर द्यावे लागते.

ही व्यवस्था आदर्श आहे असे कुणी म्हणणार नाही. जलसुरक्षकाचे मानधन तुटपुंजे असते. पावडर दमट खोलीत पडून तिच्यातला क्लोरिन उडून जातो. ताज्या पावडरीत तो ३३ टक्क्यांच्या आसपास असतो, तो वीसच्या खाली गेला की ती वापरू नये असा नियम, आणि तो नियम मोडल्याचे कुणाला कळतही नाही. कित्येकदा ओटी चाचणी वहीतच होते, नळावर होत नाही. तरीही या साखळीत एक गोष्ट पक्की असते. विहीर कोणाची, पावडर कोणी टाकायची, तपासायची कोणी आणि चुकले तर विचारायचे कोणाला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

महापालिकेत विलीनीकरण होते तेव्हा ही साखळी तुटते. ही सारी रचना ग्रामपंचायतीशी बांधलेली. ग्रामपंचायत बरखास्त झाली की दप्तर महापालिकेच्या ताब्यात जाते, कर वाढतो, बांधकाम परवान्याची खिडकी बदलते. पण विहीर जागच्या जागी राहते, पाइपही तेच राहतात आणि वस्ती मात्र दरमहा वाढत जाते. महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांची, मोठ्या व्यासाच्या वाहिन्यांची सवय. गावविहीर ही त्यांच्या लेखी तात्पुरती सोय असते, उद्या-परवा बंद होणार असते, म्हणून तिच्यावर माणूस आणि पैसा लावायचा कशाला? असे तात्पुरते वर्षानुवर्षे चालते. त्यात २०२१मध्ये आलेल्या या गावांचे नशीब असे, की मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. जीबीएसची साथ आली तेव्हा नांदेडच्या माणसाला गाऱ्हाणे घेऊन जायला सरपंच उरला नव्हता आणि नगरसेवकही नव्हता.

शहर वाढते म्हणजे केवळ पाण्याची मागणी वाढते, असा आपला समज असतो. पाणलोटाच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट घडते. डोंगरमाथ्यापासून नदीपर्यंतचे पाणी, माती, ओढे, गायरान यांचा एकत्र विचार करणारे कोणी उरत नाही. गावाला शास्त्र ठाऊक होते असे नव्हे, पण ओढ्यात कोणी घाण सोडली तर खालच्या आळीतला माणूस भांडायला येत असे. विहिरीचे पाणी मार्चमध्येच आटले तर वरच्या नाल्यात काय झाले ते लोक जाऊन पाहत. पावसाळ्यानंतर सिमेंटच्या गोण्या माती भरून रचल्या की वनराई बंधारा तयार होई आणि त्याचा उपयोग कुणाला होतो हे बांधणाऱ्याला समोर दिसे. आता तोच ओढा विकास आराखड्यात एक निळी रेघ असतो, आणि कधीकधी तेवढाही उरत नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याने पुण्यात वीसहून अधिक बळी घेतले तेव्हा कित्येकांना आपण ओढ्याच्या काठावर राहतो हे प्रथमच कळले.

दख्खनचा कातळ हा या गोष्टीतला आणखी एक मुद्दा. वाळूच्या जाड थरातून सांडपाणी झिरपते तेव्हा त्यातले बरेचसे जंतू गाळले जातात. बेसॉल्टमध्ये तसे होत नाही. वर मुरमाचा थर, खाली भेगा पडलेला खडक आणि या भेगांतूनच पाणी वाहते. पाचशे उंबऱ्यांच्या गावात घरोघरचे शोषखड्डे आणि गावाची विहीर कशीबशी एकत्र नांदू शकतात. त्याच जमिनीवर बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, मलवाहिनी आली नाही आणि प्रत्येक सोसायटीने सेप्टिक टँक आणि बोअरवेल एकाच आवारात घेतली, तर खडकातल्या भेगा दोघांनाही जोडून देतात. बोअर जितकी खोल, पाणी तितके शुद्ध, ही मध्यमवर्गाची समजूत निराधार आहे. वरच्या थरातले पाणी केसिंगच्या बाजूने खाली उतरू लागले की खोलीला काही अर्थ राहत नाही. त्यावर उपाय म्हणून घरात बसवलेला आरओ पाण्यातले क्षार काढतो. पण त्याचे फिल्टर वेळेवर बदलले नाहीत, की शुद्ध झालेल्या पाण्यात क्लोरिन नसल्यामुळे साठवणीच्या टाकीतच जंतू वाढतात. आणि पाणी बेभरवशाचे असले की घरोघर पिंप भरून ठेवतात. त्यात एडिस डास अंडी घालतो आणि डेंग्यू, चिकुनगुनियाचे रुग्ण वाढतात. पाण्याच्या व्यवस्थापनातली ढिलाई रुग्णालयात इतक्या वेगवेगळ्या नावांनी येते, की त्यांचे मूळ एक आहे हे केसपेपरवरून कळत नाही.

शहराच्या पूर्वेला याच खोऱ्यात उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे आहेत. पुण्याचा कचरा तिथे वर्षानुवर्षे टाकला गेला. कचऱ्यातून पाझरणारे काळे पाणी जमिनीत उतरले, विहिरी पिण्याजोग्या राहिल्या नाहीत, आणि ज्या शहरामुळे विहिरी गेल्या त्याच शहराच्या टँकरची वाट पाहणे गावकऱ्यांच्या नशिबी आले. २०१७मध्ये ही गावे महापालिकेत घेतली, पुढे पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला. ग्रामपंचायत, महापालिका, नगरपरिषद असे दारावरचे फलक बदलले. भूजलाला यातले काहीच कळत नाही. खराब झालेला जलधर स्वच्छ व्हायला कधीकधी एक पिढी लागते, आणि एवढ्या काळाची जबाबदारी घेईल असे कार्यालय आपल्या व्यवस्थेत नाही.

थोडे वरच्या अंगाला पाहू. पुणे शहर पाणी पिते ते आंबी, मोसे आणि मुठा या तीन नद्यांच्या खोऱ्यांतले. पानशेत, वरसगाव, टेमघर ही तीन धरणे आणि त्यांच्या खाली १८७९ साली पुरे झालेले खडकवासला. चारही धरणांचा उपयुक्त साठा मिळून सुमारे २९ टीएमसी. त्यात एकट्या खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीच्या आतला. म्हणजे खडकवासला हे साठ्याचे धरण कमी आणि वाटपाचे अधिक. अशा लहान जलाशयाच्या काठावर सांडपाणी सोडले तर ते विरून जायला फारशी जागा नसते. सिंहगडाच्या वाटेवरची हॉटेले, बॅकवॉटरच्या काठचे रिसॉर्ट, शेतघरांच्या नावाने उभे राहिलेले बंगले आणि वाढलेली गावे यांचे मैलापाणी कुठे जाते? त्यातले बरेच उताराने जलाशयाकडे जाते, इतके साधे उत्तर आहे. या गावांत मैलापाण्यावर प्रक्रिया करणे लहान ग्रामपंचायतींच्या आवाक्यातले नाही, आणि ज्या शहराला हे पाणी प्यायचे आहे त्याची हद्द तिथवर पोचत नाही. दरवर्षी कोट्यवधी रुपये खर्चून पाणी शुद्ध करणारे शहर वरच्या पंधरा-वीस गावांच्या मैलापाण्यासाठी पैसे द्यायला का कचरते, हे समजत नाही. तो खर्च रुग्णालयांच्या बिलांपेक्षा नक्कीच कमी भरेल.

खालच्या अंगाची कहाणी जुनी आणि अधिक कडू. पुणे-पिंपरीचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठा दौंड तालुक्यात भीमेला मिळते आणि पुढे उजनीत थांबते. सोलापूर जिल्ह्याचा प्राण असलेले हे ११७ टीएमसीचे धरण १९८०मध्ये पुरे झाले तेव्हा वरच्या अंगाला आजच्याएवढी वस्ती नव्हती. आता उन्हाळ्यात त्याचे पाणी हिरवे दिसते. नत्र आणि स्फुरद मुबलक मिळाले की नील-हरित शेवाळ फोफावते. त्यातल्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचे यकृताला घातक विष तयार करतात. पाणी उकळून प्या, हा प्रत्येक साथीत दिला जाणारा सल्ला इथे पुरत नाही, कारण उकळण्याने हे विष नष्ट होत नाही. पाण्यात एकदा विरघळले की नेहमीच्या वाळूच्या गाळणीतूनही ते पार होते. सोलापूर शहराचा नळ आणि पंढरीच्या वाळवंटात वारकरी ज्या पाण्यात उतरतात ते पात्र, दोन्ही या साखळीच्या शेवटी आहेत. त्यांच्या आरोग्यासाठी पुण्याच्या मलनिस्सारण विभागाने काय केले, हे विचारण्याचा अधिकृत मार्ग सोलापूरच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे नाही.

शिवाय शहर हे पाणी नुसते सोडून देत नाही, ते परतही देते. वाढत्या वापराच्या बदल्यात साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेले पाणी शेतीला द्यायचे, असे ठरले. मुंढव्याच्या जॅकवेलमधून ते जुन्या कालव्यात उचलून दौंडच्या दिशेने सोडण्याची योजना झाली. कल्पना चांगली आहे. पाणी दोनदा वापरले गेले पाहिजे यात दुमत नसावे. मात्र प्रक्रिया अर्धवट झाली तर त्या पाण्यावर मेथी, कोथिंबीर, पालक पिकतो आणि पहाटे त्याच शहराच्या मंडईत येतो. कच्ची खाल्ली जाणारी भाजी पिकवायची तर सिंचनाच्या १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू हजाराच्या आत हवेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९८९मध्ये सुचवले होते. कालव्यातल्या पाण्याचा हा आकडा दर आठवड्याला तपासून चावडीवर लावला, तर शेतकरी कोणते पीक घ्यायचे ते स्वतः ठरवेल. आज त्याला पाण्याचा रंग आणि वास यांवरच ठरवावे लागते. पायांना खाज सुटते, हे तो डॉक्टरला सांगतो. डॉक्टर मलम देतो.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९चा. पाणलोट क्षेत्र हे एकक धरून समित्या नेमण्याची कल्पना त्यात आहे. राज्याचे दीड हजारांवर पाणलोट क्षेत्रांत विभाजन फार पूर्वीच झाले आहे, निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळा मोजली जाते. पण हे नकाशे पाटबंधारे आणि भूजल खात्याच्या कपाटात, साथरोगांचे नकाशे आरोग्य खात्याच्या संगणकात आणि बांधकाम परवाने तिसऱ्याच ठिकाणी. तिन्ही एकावर एक ठेवून पाहिले असते तर सिंहगड रस्त्यावर लोकसंख्या कुठे दाटते आहे, मलवाहिनी कुठे नाही आणि गावविहिरीवर कोण जगते आहे, हे २०२२मध्येच दिसले असते. त्यासाठी परदेशी तंत्रज्ञानाची गरज नव्हती.

आजारांवर नजर ठेवण्याच्या पद्धतीतही एक भोक आहे. पंधरा वर्षांखालील मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले तर ते पोलिओच्या देखरेखीमुळे लगेच कळवावे लागते. त्या जाळ्यात मुलांमधला जीबीएस आपोआप सापडतो. प्रौढांसाठी तसे काही नव्हते. एकाच भागातून असे रुग्ण येत आहेत हे रुग्णालयांतल्या डॉक्टरांच्या ध्यानात आले म्हणून साथ कळली. त्याआधीच्या आठवड्यांत जुलाबाच्या गोळ्यांचा खप कोणत्या दुकानांत वाढला होता, गल्लीतल्या दवाखान्यांत रोज किती रुग्ण पोटाच्या तक्रारी घेऊन येत होते, हे विचारणारी यंत्रणा असती तर पाणी लवकर तपासले गेले असते. खेड्यात हे काम आशा कार्यकर्ती करते. तिला आळीतले प्रत्येक घर ठाऊक असते. नव्या सोसायट्यांच्या फाटकावर तिला आत सोडायचे की नाही हे सुरक्षारक्षक ठरवतो.

पुण्याचे उदाहरण घेतले ते त्याची कागदपत्रे आणि रुग्ण दोन्ही समोर आले म्हणून. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर यांच्या वेशीवरच्या गावांतही हेच चालू आहे. तिथे हद्दवाढीची चर्चा निघाली की वाद होतो तो घरपट्टीवर आणि आरक्षणांवर. पाण्याच्या स्रोतांची यादी त्या चर्चेत नसते. ती असायला हवी, आणि पहिल्या पानावर असायला हवी. कुठलेही गाव शहरात घेण्याच्या अधिसूचनेसोबत त्या गावातली प्रत्येक विहीर, बोअर, टाकी आणि ओढा यांची नोंद, प्रत्येकापुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि शुद्ध पाण्याची वाहिनी येण्याची तारीख असावी. ती तारीख येईपर्यंत जलसुरक्षकाचे पद रद्द करू नये. त्याचा पगार महापालिकेने द्यावा आणि तो वाढवून द्यावा. लाल-हिरव्या कार्डांची पाहणीही तोवर सुरू ठेवावी, फक्त कार्ड सरपंचाऐवजी प्रभाग अधिकाऱ्याच्या नावाने निघावे. नळावरच्या ओटी चाचणीचा रोजचा निकाल त्या त्या वस्तीत फळ्यावर लिहावा. किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरिन, साथीच्या काळात ०.५, एवढे दोन आकडे लोकांना पाठ झाले तर फळ्यावरचा शून्य पाहून ते पाणी भरणार नाहीत आणि कार्यालयाचा दूरध्वनी दिवसभर खणखणत राहील.

साथ ओसरली तेव्हा नांदेडच्या विहिरीवर क्लोरिनच्या मात्रेकडे लक्ष दिले जाऊ लागले, जलशुद्धीकरण केंद्राच्या घोषणा झाल्या. त्याच सुमारास फिजिओथेरपी विभागात काही रुग्ण समांतर दांड्यांना धरून पाऊल टाकायला शिकत होते. जीबीएसच्या बहुतेक रुग्णांना चालता येऊ लागते, पण त्याला महिने लागतात. काहींचा तळपाय कायमचा लोंबता राहतो. त्यांच्यातल्या कित्येकांनी त्या भागात घर घेतले होते ते धरण जवळ आहे, पाण्याची चिंता नाही, या हिशेबाने.